पहिल्या टाकीला भार नाही

त्या दुपारी सुन्ना निघाली ती नवी गाडी रुळवायला. काम साधंच होतं. नव्या स्नोमोबिलचं इंजिन पहिले दहा तास चुचकारून चालवावं लागतं. घाई केली तर आतला पिस्टन तापून आवळतो आणि माणूस गाडीसकट उघड्या माळावर उभा राहतो. मार्च अर्धा सरला होता. उणे अठरा होतं, वारा नव्हता. म्हणजे दिवस चांगला होता.

इस्साक काका अंगणात गाडीच्या टाकीवर वाकले होते. पहिल्या टाकीत तेल जरा जास्त लागतं, म्हणून पेट्रोलमध्ये ते बाटलीतून धार सोडत होते.

"नीट ऐक. आधी जागेवरच गरम होऊ दे. मग अर्धी रेस, त्याच्या वर नाही. आणि एकाच वेगात धरून ठेवायचं नाही. असं बघ." त्यांनी अंगठा हवेत दाबून दाखवला. दोनदा थोडका, मग सोडलेला, मग एक लांब, मग पुन्हा सोडलेला. "इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा. मऊ बर्फात राहा. खालचा पट्टा बर्फ उडवतो, त्यानंच ते थंड राहतं. आणि पहिल्या टाकीला भार नाही. मागे ओढायची स्लेज नाही, माणूस नाही, सरपणाची मोळीसुद्धा नाही."

"तीनदा सांगितलंत, काका."

"चौथ्यांदा सांगतो. तुझ्या कायद्याच्या पुस्तकात नसतं हे."

"पुस्तकातलं मी सांगते तेव्हा तुम्ही घोरता."

काका हसले. मग झाकण फिरवता फिरवता त्यांनी विचारलं, "कुठल्या बाजूला जाणार?"

"लांबतळ्यावरून. जुन्या वाटेनं."

झाकण अर्धवट राहिलं.

अकरा वर्षांत त्या वाटेनं कुणी रेनडियरचा कळप नेला नव्हता. काकांची बहीण, सुन्नाची एल्ले आत्या, गोठलेल्या लांबतळ्यावर गेली ती परत आली नाही. तिची गाडीही नवीच होती. तळ्याच्या मधोमध इंजिन आवळलेलं सापडलं. आत्या नाही, मागची स्लेज नाही, पावलंही नाहीत. तेव्हापासून सगळे कळप डोंगराला वळसा घालून न्यायला लागले. आणि आता पवनचक्क्यांच्या कंपनीनं नकाशावर त्या वाटेपुढे लिहिलं होतं: वापरात नाही. उद्या सकाळी नऊला त्यांचा माणूस पाहणीला येणार होता. वाट मोडीत निघाली की तिथं खांब उभे राहणार, आणि रेनडियरची वसंतातली चराई संपणार. त्यासाठीच सुन्ना पाच वर्षांचं शिक्षण संपवून दक्षिणेतलं शहर सोडून घरी आली होती.

"भीतीपोटी आपणच वाट सोडली," ती म्हणाली. "त्यांनी फक्त ते लिहून घेतलं. उद्या त्यांना तिथं माग दिसला पाहिजे."

"माग दिसेल गं. पण तिथं..." काका थांबले. बोटांना लागलेलं तेल त्यांनी पँटला पुसलं. "थांबू नकोस. एवढंच."

बर्चची खुरटी झाडं मागे पडली आणि माळ सुरू झाला. आभाळ भरून आलं होतं. वर पांढरं, खाली पांढरं, सावली कशालाच नाही. चढ कुठला नि उतार कुठला हे फक्त पोटाला कळत होतं. सुन्नाचा अंगठा काकांनी शिकवलेल्या लयीत चालला होता. दोनदा थोडकं, सोड, एक लांब, सोड. इंजिन चढायचं, उतरायचं, जळक्या तेलाचा गोडसर वास मागे लोंबत राहायचा. तासाभरात ती त्या आवाजाबरोबर गुणगुणायला लागली, आपण गुणगुणतोय हे न कळता.

लांबतळ्याच्या काठाशी तिच्या लक्षात आलं की ही धून तिला पाठ आहे.

त्या मुलखात प्रत्येक माणसाची एक धून असते. लहानपणी कुणीतरी देतं, मरेपर्यंत ती त्याचीच. ती गुणगुणली म्हणजे त्या माणसाची आठवण काढली असं होत नाही. त्याला हाक मारली असं होतं. दोनदा थोडकी, एक लांब. स्वयंपाकघरात भाकरी थापताना आत्याला चिडवायला सुन्ना हीच म्हणायची.

ती गप्प झाली. इंजिन मात्र म्हणतच राहिलं.

तळ्यावर वाऱ्यानं बर्फ खरवडून नेला होता. खाली काळा, काचेसारखा थर. पट्ट्याला उडवायला मऊ बर्फ मिळेना, तापमानाचा काटा वर सरकू लागला. आणि तळ्याच्या मधोमध गाडीला ओढ बसली.

आधी तिला वाटलं, पट्टा अडकला. पण गाडी पुढे जात होती, फक्त जड झाली होती. चढावर भरलेली स्लेज ओढताना जसा इंजिनाचा आवाज खाली बसतो, तसा बसला. ओल्या कातड्याचा वास आला. बर्चच्या धुराचा आला. मागे बर्फावर काहीतरी करकरत होतं, तिच्याच वेगानं.

तिनं खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. गाडीच्या मागाच्या दोन्ही बाजूंना, काळ्या बर्फात, दोन ताजे चर होते. स्लेजच्या दांड्यांचे.

तापमानाचा लाल दिवा लागला.

पळायचं तर पूर्ण रेस द्यावी लागणार, आणि मग इंजिन आवळणार. अकरा वर्षांपूर्वी नेमकं हेच झालं असेल, असं तिच्या मनात आलं. तिनं अंगठा काढला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरली. शांतता इतकी होती की कानातलं रक्त ऐकू येत होतं.

"आत्या," ती म्हणाली. "ही वाट तुझी तशी माझीही आहे. मी शहरात परत जायला आलेले नाही. पण ही पहिली टाकी आहे... पहिल्या टाकीला भार नाही. उतर."

काहीच हललं नाही.

"उतर म्हणते ना. दहा तास होऊ देत. मग मी स्लेज जोडून तुला न्यायला येते. शब्द देते."

बर्फ एकदा करकरला, ओझं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जावं तसा. वास विरला. इंजिन थंड होईपर्यंत ती तिथंच पाय रोवून उभी राहिली. मग पलीकडचा काठ गाठून, वळून, त्याच वाटेनं परत आली. कुठेही वळसा घेतला नाही.

घरी इंजिनाचे तास मोजणारा मीटर बघून काका म्हणाले, "साडेतीन तास." मग टाकीत डोकावले. "एवढं पेट्रोल कसं लागलं? मी सांगितलं होतं, भार..."

"मी काही जोडलं नव्हतं. काका, तुम्ही शिकवलीत ती लय आत्याची आहे."

काकांनी कॉफीची किटली शेगडीवरून उतरवली.

"मला दुसरी येत नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी तिला उशीर होत होता. ती नको म्हणत होती. काही होत नाही म्हणून स्लेज मीच जोडून दिली."

सुन्नानं त्यांचा कप भरला. नंतर बाहेर जाऊन टाकी काठोकाठ भरून ठेवली.

रात्री बर्फ पडला. सकाळी अंगण कोरं होतं, पावलाचा ठसा नाही, पट्ट्याचा माग नाही. कालचा तळ्यावरचा मागही बुजला असणार. सुन्ना गाडीपाशी गेली. टाकी कोरडी होती. तिनं किल्ली फिरवली, मीटर उजळला.

दहा तास.

काका दारात उभे होते. त्यांचे डोळे लाल होते. "रात्रभर ऐकू येत होतं," ते हळू म्हणाले. "मला वाटलं, वारा... सुन्ना, जाऊ नकोस. वाट गेली तर जाऊ दे."

"शब्द दिलाय. आणि वाट मी जाऊ देणार नाही."

तिनं पेट्रोल ओतलं, शेडमधली रिकामी स्लेज काढून गाडीला जोडली, आणि दोनदा थोडकी, एक लांब अशी रेस देत तळ्याकडे निघाली.

साडेनवाला ती परतली तेव्हा कंपनीचा माणूस जुन्या वाटेच्या तोंडाशी, गुडघाभर बर्फात, फळीवर कागद लावून उभा होता. ताजा, खोल माग त्याच्या पायापर्यंत आला होता. तिनं गाडी थांबवली.

"माणसं जातात म्हणजे इथून," तो जरा नाखुशीनंच म्हणाला, आणि लिहिलेला कागद तिच्यापुढे धरला. "बघून सही करा."

सुन्नानं वाचलं. *वाट वापरात. स्नोमोबिल एक, स्लेज एक. माणसं दोन.*

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि सही केली.

त्यानं पेन परत घेतलं आणि, रीत म्हणून, दुसऱ्या सहीसाठी स्लेजपाशी जाऊन ते पुढे केलं.