ठिपका पळाला, पिल्लू कुठाय?

"पुलापलीकडे गेला! अगं, साठच्या वेगानं पळतोय!" फोनवरच्या नकाशातल्या निळ्या ठिपक्याकडे बघत बाबा ओरडले. तो ठिपका होता पाच वर्षांच्या पिल्लूच्या मनगटावरच्या घड्याळाचा!

"कुणीतरी पळवलं त्याला!" आईच्या तोंडचं पाणीच पळालं. दोघं त्यांच्या लाँड्रीतून धूम बाहेर पडले आणि त्यांची गाडी भुर्रकन निघूनही गेली.

मागं उरली पिल्लूची ताई भिंगरी आणि सुट्टीभर लाँड्रीतच मुक्काम ठोकून असलेले तिचे दोन दोस्त, सतत मुद्दे मांडणारा ‘वकील’ आणि लंबूटांग ‘उंट’. भिंगरी दारापर्यंत धावली, पण गाडी दिसेनाशी झाली होती. पिल्लू कितीही उपद्व्यापी असला, तरी तो तिचा भाऊ होता.

तेवढ्यात तिला इस्त्रीच्या टेबलाखाली त्याच्या चपला दिसल्या.

"चपला इथं? हा तर दारापर्यंतही अनवाणी जात नाही!"

"शिवाय," वकिलानं बोट वर केलं, "आत्ताच वेटरांचे धुतलेले कोट घेऊन टेम्पो पुलाकडे गेलाय. पळालंय ते नुसतं घड्याळ, एखाद्या कोटाच्या खिशातून!"

"मग पिल्लू?"

"इथंच कुठंतरी!"

तिघांनी कपाटं, टोपल्या, पडद्यांचे ढीग, सगळं पालथं घातलं. राहिली धुलाईची खोली. तिच्या काचेच्या दाराला आतून कडी होती! आत धुलाईकाका कानात इअरफोन घालून, मोबाइलवर डोळे लावून, ढकलगाडीतल्या मळक्या चादरी न बघताच भल्यामोठ्या मशीनमध्ये कोंबत होते. आणि उरलेल्या चादरींतून एक इवलासा पाय बाहेर आला होता!

"काका, थांबा!" तिघांनी दार धडाधड बडवलं. काका ढिम्म!

"काच फोडू?" उंटानं विचारलं.

"नको, फोन!" भिंगरी काउंटरकडे धावली आणि तिनं काकांचा नंबर फिरवला.

"बोला!" काकांनी लगेच उचलला.

"काका, गाडीत बघा! चादरींत पिल्लू झोपलाय!"

काकांनी भराभर चादरी उपसल्या, पिल्लूला उचललं आणि दार उघडलं.

आई-बाबा घड्याळ घेऊन परतले, तेव्हा पिल्लू भिंगरीच्या कडेवर होता. आईनं त्याला घट्ट कवटाळलं. "घड्याळ का काढलंस रे, राजा?"

"लपाछपी होती ना! ते कोटात टाकलं, चपला काढल्या आणि चादरींच्या गाडीत चढलो. घड्याळ असलं की बाबा फोनवरून ते वाजवतो. मला शोधतच नाही!"

बाबा वरमले. मग भिंगरीच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "मानलं तुम्हाला! आम्ही ठिपक्यामागं धावलो, तुम्ही पिल्लूला शोधलंत."

त्यांनी फोन ड्रॉवरमध्ये टाकला, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले.

"एक... दोन... तीन..."

पिल्लू आनंदानं किंचाळत पळत सुटला.

"धुलाईच्या खोलीत नाही हं!" सगळे एकदम ओरडले.