पातं परत घेणारा

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला तर धड नावही नव्हतं. कुणी तिकिटं जमवतं, कुणी नाणी जमवतं, मी दाढीचे जुने रेझर जमवायचो. त्यातही वेड्यांच्या इस्पितळातले, कुलुपाचे.

तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो. साध्या रेझरची मूठ फिरवली की वरचं झाकण सुटतं आणि पातं हातात येतं. याचं तसं नसतं. याच्या मुठीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, आणि वॉर्डातल्या नोकराची किल्ली त्यात घातल्याशिवाय झाकण तसूभर हलत नाही. पेशंटनं स्वतःची दाढी करावी, पण पातं त्याच्या हाती लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी युक्ती. इथं मिनेसोटात टेकडीवरचं मोठं इस्पितळ बंद पडलं, तेव्हा असे कितीतरी रेझर कुणाकुणाच्या घरी गेले. किल्ल्या मात्र हरवल्या. किल्लीसकट रेझर मिळणं म्हणजे आम्हा हौशी लोकांत लॉटरी लागणं.

त्या हिवाळ्यात मला तसा रेझर हवा होता, पण कपाटासाठी नाही. माझ्या धाकट्या भावासाठी.

अर्विड नुकताच दवाखान्यातून सुटून माझ्याकडे राहायला आला होता. मनाचा आजार. पानगळीच्या दिवसांत त्यानं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला होता. आमच्या घरात त्याविषयी कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही. डॉक्टरांची अट एकच होती, घरात त्याच्या हाताला लागेल असं पातं नको. आमची थोरली बहीण आर्डिस दर शनिवारी दुपारी जेवण घेऊन यायची. आली की आधी सुऱ्यांच्या खणाचं कुलूप ओढून बघायची आणि मग कोट काढायची. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताक फुंकणारच.

"लॉवेल, एक पातं सापडू दे मला या घरात," ती म्हणायची, "त्याच दिवशी त्याला परत पाठवीन. आणि मग तो तिथून येईल असं मला वाटत नाही."

मलाही वाटत नव्हतं. रोज पहाटे मी त्याच्या दाराशी कान लावून श्वास ऐकायचो, मग चूल पेटवायचो.

दाढीच्या विजेच्या यंत्रानं अर्विडच्या गालांवर लाल चट्टे उठायचे. म्हणून त्यानं दाढीच सोडली, आणि दाढीपाठोपाठ चर्च सोडलं, दुकान सोडलं. "भिकारी दिसतो मी," म्हणायचा. डेअरीत एक जागा रिकामी होती, तिथंही जाईना. माणूस घरात बसून हळूहळू विझत चालला होता, आणि माझ्या कपाटात इस्पितळांतले इतके रेझर, एकाचीही किल्ली नाही.

म्हणून मी मिसेस सोल्बर्गकडे गेलो. तिचा नवरा जन्मभर त्या टेकडीवर नोकरीला होता. तो वारल्यावर तिनं त्याचं सामान गॅरेजमध्ये विकायला मांडलं होतं. मासेमारीच्या दोऱ्या, बर्फातले बूट, आणि एका चिंधीत गुंडाळलेला रेझर.

"किल्ली?" मी विचारलं.

"त्यांच्या गळ्यातच होती. मी काढून घेतली, नाहीतर वर घेऊन गेले असते." ती हसली. "तुझ्या कपाटात आणखी एक, होय ना?"

"नाही. अर्विडला दाढी करायला."

तिचा चिंधी बांधणारा हात थांबला.

"मग नीट ऐक, बाळा. दाढी झाली की रेझर लगेच परत घ्यायचा. तिथल्या तिथं किल्ली लावायची, पातं काढून घ्यायचं. पातं हातात येईपर्यंत त्यानं जागचं हलायचं नाही. आमच्याकडे तर पेन्शन लागल्यावरही हे न्हाणीघराच्या दारात हात पसरून उभे! एकदा जावई तोंडाला फेस तसाच घेऊन पळाला."

मला हसू आलं. ती मात्र हसत नव्हती.

"कुणीतरी परत घ्यावंच लागतं," ती म्हणाली. "कुणीच उभं राहिलं नाही, तर..."

वाक्य तसंच टाकून ती कॉफी ओतायला आत गेली.

मला ते सगळं अती वाटलं. कुलूप पक्कं आहे, किल्ली माझ्या गळ्यात आहे, मग चाळिशीला आलेल्या माणसाच्या न्हाणीघराबाहेर पहारेकऱ्यासारखं कशाला उभं राहायचं? घरी त्याला जरा घरासारखं वाटू दे. मी नवं पातं घातलं, कुलूप लावलं आणि रेझर त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग आत गेला. बाहेर आला तेव्हा गाल तुळतुळीत होते आणि ओठांवर हसू होतं. खरं सांगतो, मी पाठ फिरवून भांडी घासायचं सोंग केलं, कारण माझे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दाढी करू लागला. चर्चला आला, डेअरीत जाऊन बोलून आला. मी स्वयंपाकघरात कॉफी ठेवायचो आणि मला नळ ऐकू यायचा, ब्रश ऐकू यायचा, शेवटी रेझर बेसिनवर आपटल्याचा आवाज. मग त्याचा हलका आवाज, "घ्या, सर."

माझी टिंगल करतोय असं मला वाटलं. अर्विडला चेष्टा सुचते आहे याचाच आनंद इतका, की मी तिथूनच ओरडायचो, "ठेव तिथंच, शहाण्या!" हां, न्हाणीघरात हल्ली फिनेलचा वास यायचा. आमच्या घरात फिनेल नाही. पण पाइप जुने, हिवाळा कडक, वासाचं काय एवढं.

मग तो शनिवार आला. बाहेर बर्फ पडून गेलं होतं, उजेडानं खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. आर्डिस यायच्या आत पातं बदलून टाकावं म्हणून मी रेझर घेतला, गळ्यातली किल्ली बुडात घातली आणि फिरवली. झाकण सुटलं.

आत पातं नव्हतं.

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. सकाळीच त्यानं दाढी केली होती. कुलूप शाबूत. किल्ली रात्रंदिवस माझ्या छातीवर. मी बेसिनखाली पाहिलं, टबामागे हात घातला, टॉवेल झटकले, त्याची गादी उलटी केली, बुटांत बोटं घालून बघितली. उशी इतक्या घाईनं ओढली की अभ्रा फाटला. काहीच नाही... कुठंच नाही.

अर्विड दारात उभा राहून बघत होता.

"कुठाय?" मी विचारलं.

"काय?"

"अर्विड, पाया पडतो तुझ्या. पातं कुठाय?"

"मी दिलं की." तो गोंधळला. "रोज देतो."

"कुणाला?"

"तो दारात उभा असतो ना... पांढऱ्या डगल्यात. हात पुढे करतो, आपल्या किल्लीनं उघडून पातं काढून घेतो, सकाळी पुन्हा घालून देतो. तुला माहीतच असेल असं वाटलं मला. तू ओरडायचास ना स्वयंपाकघरातून, त्याला हसू यायचं."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पण तो भुताचा नव्हता, हे कबूल करतो. मला वाटलं, गेला, भाऊ माझ्या हातातून गेला. याला माणसं दिसायला लागली, यानं पातं कुठंतरी दडवलं, आणि रात्री मी झोपलो की... मला रागही आला, स्वतःच्याच हौसेचा. मीच आणला होता तो रेझर.

"मी वॉर्डला फोन करतो," मी म्हणालो. "आर्डिसला कळायच्या आत. ते तुला न्यायला येतील. थोडे दिवसच."

"नको, लॉवेल." त्याचा आवाज अगदी शांत होता, हेच तर भयंकर होतं. "माझं झालं आता. तो म्हणाला, हा बेड झाला. वॉर्डात एकामागून एक बेड घेतात. आता पुढचा तुझा. आम्ही आहोत, तू फक्त बसून राहा. हललं की कापतं."

"आम्ही कोण?"

तो माझ्याकडे बघत होता, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती. फिनेलचा वास एकदम दाट झाला, आणि त्याखाली कोमट साबणाचा. मी खुर्चीत बसलो, नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजू लागली. मी रिसीव्हर कानाला लावला.

थंड प्लास्टिक माझ्या गालाला लागलं.

कॉलेज सुटल्यापासून मी भरघोस दाढी राखली होती. रेझर जमवणारा दाढीवाला म्हणून अख्खं गाव मला हसायचं. रिसीव्हर कधी गालाला लागत नसे, केसांत रुतत असे. मी हळूच हात नेला. उजवा गाल कानापासून हनुवटीपर्यंत नागडा होता. गुळगुळीत. ओला. बोटांना फेस लागला, आणि तो अजून कोमट होता.

मी झोपलो नव्हतो. डुलकीसुद्धा लागली नव्हती. अर्विडशी बोलत होतो.

"हॅलो?" फोनमधून नर्सचा आवाज आला. "वॉर्ड. कुणाबद्दल बोलायचंय आपल्याला?"

अर्विड माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले, लहानपणी दात काढायला नेलं तेव्हा मी त्याचे धरले होते तसे. त्याचे डोळे भरले होते.

"हलू नकोस," तो कुजबुजला. "अजून एक बाजू राहिलीय."

"हॅलो? पेशंटचं नाव काय?"

"काही नाही," मी ओठ न हलवता म्हणालो. "चुकून लागला."

मग डाव्या कानाखाली काहीतरी गार टेकलं.

आर्डिस आली तेव्हा आम्ही टेबल मांडत होतो. तिनं सुऱ्यांचा खण ओढून पाहिला, कोट काढला आणि मला पाहून टाळी वाजवली. "अगंबाई! अगदी बाबा दिसतोस की रे! किती वर्षं डोकं खाल्लं तुझं मी." अर्विडनं मुकाट्यानं तिच्या हातून गरम भांडं घेतलं. पातं तिला सापडलं नाही. कुणालाच कधी सापडलं नाही.

अर्विड बरा झाला. डेअरीत मुकादम आहे आता, लग्न केलंय, रविवारी येतो तेव्हा पोरांना दारातच थांबवून आधी माझ्याकडे निरखून बघतो. रेझर आणि किल्ली मी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून आत सोडून दिली. माझं सगळं कपाट वाटून टाकलं. घरात आज एकही पातं नाही, ब्रश नाही, साबणाची वडीसुद्धा अंघोळीचीच.

त्या शनिवारपासून मी एकदाही दाढी केलेली नाही. लाजू नका, लावा हात गालाला. आज सकाळचीच आहे.