वीज नक्की कोण कापतंय?

समजा, तुम्ही सुट्टीत आत्याकडे गेला आहात. तिच्या घरात एक खोली आहे, खोलीत कपाटाएवढं उबवणीचं मशीन आहे आणि मशीनमध्ये तीनशे अंडी! आज विसावा दिवस. कान लावलात तर आतून टुकटुक ऐकू येतंय. उद्या पिल्लं! आता सांगा, अशा घरात सगळ्यात भयंकर वाक्य कोणतं?

"वीस मिनिटांत तुमची वीज कापली जाईल!"

नेमकं हेच वाक्य त्या सकाळी आत्याच्या फोनवर आलं. आत्याचे हात कोंबड्यांच्या खाद्यानं बरबटलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. दारात उभ्या असलेल्या उचकीनं शब्दन् शब्द ऐकला. उचकी म्हणजे आत्याची बारा वर्षांची भाची. राग आला की तिला उचक्या लागत, म्हणून हे नाव.

"वीज कंपनीतून बोलतोय, मॅडम. तुमच्या मीटरची नोंदणी अपडेट नाही."

"अहो दादा, असं नका करू! मशीनमध्ये अंडी आहेत माझी!"

झालं! अंडी आहेत हे कळल्यावर तो माणूस प्रत्येक वाक्यात अंडीच आणू लागला. "अंडी वाचवायचीत ना? मग फोन ठेवू नका. मी सांगतो तसं करा. एक ओटीपी येईल, तो वाचून दाखवा."

"आत्या, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो!" उचकी म्हणाली.

"गप गं! मोठी माणसं बोलतायत ना?"

हिक्!

"आई, ठेव तो फोन!" आत्याचा मुलगा ओरडला. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि का ते तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं असेल.

"मॅडम, मागे कोण ओरडतंय? मुलांना बाहेर पाठवा बघू आधी," फोनमधला म्हणाला.

आणि आत्यानं खरंच पाठवलं! दोघांना व्हरांड्यात काढून धाडकन दार लावलं.

"बघ!" भोंगा पाय आपटत म्हणाला. "पोटच्या पोराचं ऐकायचं नाही, आणि त्या कोण कुठल्या माणसाचं ऐकायचं!"

"हिक्! आपण ओरडून काही - हिक् - होणार नाही. तिला दाखवायला हवं." उचकीची नजर भिंतीवरच्या मीटरकडे गेली. "भोंग्या, वीज गेली तर मशीनचं काय होतं?"

"काही नाही. दार उघडलं नाही, तर अर्धा तास ऊब राहते. आईनंच सांगितलंय."

"आणि आता तीच विसरलीय! तू मीटरखालच्या मेन स्विचपाशी थांब. मी इथे खिडकीपाशी बोट वर केलं की बंद, खाली केलं की चालू."

वीज गेली-आली तर मेन स्विच कसा हाताळायचा, हे आत्यानं दोघांनाही सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. भोंग्यानं हात कोरडे केले, पायात चपला घातल्या. उचकीनं बोट वर केलं.

खट्!

पंखा थांबला. मशीनची घरघर थांबली. आत्या किंचाळली, "अहो, वीस मिनिटं म्हणालात ना? आत्ताच कापलीत?"

फोनमधला आधी गडबडला. मग आवाज आला, "हो मॅडम! वरून ऑर्डर आली. ओटीपी सांगा, मी इथून लगेच चालू करतो."

आत्या घाईघाईनं आकडे वाचू लागली. "चार... शून्य... नऊ... दोन..."

उचकीनं झटकन बोट खाली केलं. खट्! पंखा फिरू लागला. तिनं खिडकीची काच वाजवली. आत्यानं वर पाहिलं. उचकीनं डोळे वटारून बोट वर केलं. पंखा थांबला. बोट खाली. पंखा सुरू!

आत्या भाचीच्या बोटाकडे आणि पंख्याकडे आळीपाळीनं बघतच राहिली. मग हळूच तिनं विचारलं, "दादा, वीज आली. तुम्हीच सोडलीत का?"

"मीच, मॅडम! पण पाचच मिनिटांसाठी. पुढचे दोन आकडे?"

बोट वर. खट्!

"आणि आता?"

"आता... परत कापली!"

"असं?" आत्याचा आवाज एकदम बदलला. "अरे लबाडा, बटण माझा मुलगा दाबतोय आणि वीज तू कापतोयस होय?"

फोन कट!

भोंग्यानं वीज सुरू केली. आत्यानं दार उघडून दोघांना आत घेतलं. सहातले चार आकडे तिनं सांगून टाकले होते. दोनच राहिले होते!

उचकीनं खिळ्याला अडकवलेलं जुनं बिल काढलं आणि त्यावरचा कंपनीचा नंबर आत्याला लावून दिला. आत्यानं घडलेलं सगळं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी तपासून सांगितलं, "तुमची नोंद अगदी व्यवस्थित आहे. आम्ही फोनवर ओटीपी मागत नाही. बँकेलाही लगेच कळवा. आणि त्या मुलीला आमच्याकडून शाबासकी द्या!"

बँकेला फोन झाला. मग आत्यानं दोघांना जवळ ओढलं. "मी तुम्हालाच बाहेर काढलं रे! चुकलंच माझं. किती हुशार पोरं तुम्ही!"

मशीनमध्ये एका अंड्याला बारीक तडा गेला होता. भोंगा काचेला नाक लावून आनंदानं ओरडत होता. पण उचकीला चैन पडेना. तो माणूस आता दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लावत असेल. तिथे खिडकीत कोण असणार?

तिनं आत्याची वही उघडली. पिल्लं नेणाऱ्या सगळ्यांचे नंबर त्यात होते. तिनं पहिला लावला.

"हॅलो, काका, वीज कंपनीच्या नावानं कुणी फोन केला ना, तर..."

"लहान मुलांनी फोनशी खेळू नये!" काकांनी फोन आपटला.

हिक्!

उचकी एक घोट पाणी प्यायली आणि तिनं तोच नंबर पुन्हा लावला.