दारापुढची सपाटी

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मोजणीदाराचा फोन वाजला. पलीकडून फौजदारबाई बोलत होत्या.

"वृद्धनिवासात या. रॅम्पच्या उताराचा दाखला हवाय. पंधरा मिनिटांचं काम. सहीपुरतंच म्हणा ना."

"सहीपुरतं असेल तर माझ्या शिपायाला बोलवा. त्याचं अक्षर चांगलं आहे," मोजणीदार म्हणाला आणि बुडबुड्याची दोन फुटी पाणसळ, टेप व पाण्याची नळी पिशवीत टाकून निघाला.

तीस वर्षे जमिनी मोजल्यानंतर माणसांविषयी त्याला फारसा आदर उरला नव्हता. स्वतःच्या अंगणातले पाणी कुठे वाहते हे ज्यांना सांगता येत नाही, ते भावाच्या बांधाविषयी मात्र शपथेवर बोलतात, हे त्याने पुष्कळदा पाहिले होते.

घटना साधी दिसत होती. शनिवारी दुपारी निवासातले गुरुजी, निवृत्त गणितशिक्षक, चाकांच्या खुर्चीसकट रॅम्पवरून घरंगळले, खालच्या लोखंडी फाटकावर आपटले आणि जागीच गेले. त्यांची सेविका आता कार्यालयातल्या बाकावर बसली होती. दाखला मिळाला की तिला अटक व्हायची होती. तक्रार गुरुजींच्या मुलाची होती. तो इंजिनिअर होता. दारापुढच्या जागेवर नव्या फरशा त्याच आठवड्यात त्यानेच बसवून दिल्या होत्या.

"रॅम्प बाराला एक आहे," मुलगा म्हणाला. "बारा फूट चालाल तेव्हा एक फूट उतराल. नियमाप्रमाणे. वर दारापुढे चार फूट सपाट जागा. तीही नियमाप्रमाणे. आणखी काय पाहिजे?"

"मोजायला पाहिजे."

"मी मोजलंय."

"तुम्ही सांगितलंय."

मोजणीदाराने नळीने दोन्ही टोकांची पातळी घेतली. चोवीस फुटांत दोन फूट. रॅम्प बिनचूक होता. त्याच्या वरच्या तोंडाशी एक जाड रबरी चटई अंथरली होती.

"ही कशाला?"

"पाय घसरू नये म्हणून."

मुलाने पाणसळ जवळजवळ हिसकावून घेतली आणि दारापुढे, उंबऱ्याला समांतर ठेवली. बुडबुडा मधोमध थांबला. मग त्याने रिकामी खुर्ची आणून सोडली. ती जागची हलली नाही.

"बघा! ढकलल्याशिवाय ही जाईल का? त्या बाईनं काय केलं हे शेंबडं पोरही सांगेल."

मोजणीदाराने खाली वाकून पाणसळ आडवीची उभी केली, एक टोक दाराकडे आणि दुसरे रॅम्पकडे. बुडबुडा किंचित रॅम्पकडे सरकला.

"बुडबुडा उंच बाजूला जातो," तो फौजदारबाईंना म्हणाला. "म्हणजे ही जागा आतल्या बाजूला उतरते."

"एवढं तेवढं चालतं हो," मुलगा म्हणाला.

"चालतं. पण पावसाचं पाणी घरात घेणारा इंजिनिअर मी आज पहिल्यांदा पाहतोय."

मग तो कार्यालयात गेला. सेविका पन्नाशीची होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते.

"ताई, ब्रेक लावला होता?"

"नाही."

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं!" मुलगा दारातून ओरडला.

"तुम्हाला विचारलेलं नाही. ताई, का नाही लावला?"

"मागं वळून दार लोटायचं असतं, तेवढाच वेळ. चार वर्षं रोज तिथंच थांबवते. खुर्ची कधी बोटभर सरकली नाही."

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी फरशीचं काम होतं. मागच्या दारानं गेलो. नव्या फरशीवर शनिवारीच पहिल्यांदा."

"दार जड लागलं?"

"छे! एका हातानं उघडलं. दुसरा हात खुर्चीला होता."

मोजणीदार उठला आणि त्याने दार बाहेर ढकलले. अर्ध्यापर्यंत ते हलके गेले. पुढे मात्र खालची कड फरशीवर करकरली. कोऱ्या फरशीवर पांढरा कमानदार ओरखडा होता, तोही फक्त बाहेरच्या अर्ध्यात.

उंबऱ्याच्या आत झाडलोट करणारी मावशी पायपुसणे पिळत होती.

"मावशी, हे कशानं भिजलं?"

"काय सांगू साहेब! सकाळी दारात दोन बादल्या ओतल्या, सगळं पाणी आत. शनिवारी ओतलं तेव्हा कसं झरझर खाली पळालं होतं. मी म्हटलं, चला, आता लादी पुसायची कटकट मिटली."

"आणि रविवारी?"

"रविवारी इथं कोण येतंय? या साहेबांनीच पडदा बांधला. म्हणाले, वडिलांची शेवटची जागा आहे, आजचा दिवस कुणी पाय लावू नका. आम्ही सगळे मागच्या दारानं. मला तर रडूच आलं."

मोजणीदाराने मुलाकडे पाहिले. चुकीचा बांध दाखवणाऱ्याकडे तो असेच पाही.

"बाई," तो फौजदारबाईंना म्हणाला, "ही कडेची फरशी उचलायला सांगा."

"नव्या कामाला हात लावायचा नाही!" मुलगा पुढे झाला.

फौजदारबाईंनी नुसता हात आडवा धरला. निवासाच्या माळ्याने पहार घातली आणि फरशी सहज सुटून आली. खालचा माल अजून ओला होता. तो उपसल्यावर खाली दुसरी फरशी दिसली, तशीच, त्याच रंगाची. मोजणीदाराने रबरी चटई ओढली. तिच्याखाली कच्च्या सिमेंटची पाचर होती.

"आता ऐका," तो म्हणाला. "या दारातून कार्यालयात पाणी शिरतं, ही इथली जुनी तक्रार, मावशींच्या बोलण्यातही आली. यांनी शुक्रवारी दारापुढे ढाळ दिला, न्हाणीघराला देतात तसा. पाणी बाहेर गेलं. पण न्हाणीघरात कुणी चाकांवर थांबत नाही. हा खालचा थर मी मोजतो."

त्याने नळी धरली. चार फुटांत अडीच इंच.

"एकोणिसाला एक. उतार इतका कमी असला की डोळ्याला दिसत नाही, चाकाला दिसतो. ताईंनी पाठ वळवली आणि खुर्ची निघाली. कुणी ढकलायची गरजच नव्हती. रविवारी पडद्याआड उरलेल्या फरशा वर चढवून जागा सपाट केली. घाईत बाहेरची कड जास्त उचलली गेली. म्हणून दार घासतं, पाणी आत येतं आणि रॅम्पच्या तोंडाशी झालेली पायरी चटईखाली लपवावी लागते. शनिवारी एका हाताने उघडलेलं दार आज दोन्ही हातांना ऐकत नाही."

"गवंड्यानं गाढवपणा केला," मुलगा म्हणाला. "मी सांगितलं होतं की—"

"गवंड्याला बोलावू?"

मुलगा उचकटलेल्या फरशीकडे पाहू लागला. मग कुणी विचारले नसताना म्हणाला, "तो म्हणाला होता, साहेब, इथं म्हाताऱ्यांच्या खुर्च्या थांबतात. मी त्याला म्हटलं, शिकलायस किती तू?" त्याने ओठ पुसले. "शनिवारी संध्याकाळी मी रिकामी खुर्ची ठेवून पाहिली. ती गेली. फाटकापर्यंत गेली."

"आणि त्यानंतर तक्रार लिहिलीत?"

"माझी इंजिनिअरची नोंदणी गेली असती. सगळं गेलं असतं."

"शुक्रवारी केलीत ती चूक," मोजणीदार म्हणाला. "अशा चुका मी रोज बघतो, त्यांचा राग येत नाही. पण बापाच्या सुतकाचा पडदा करून आत सिमेंट कालवणारा माणूस आजच पाहिला. जमीन तरी असं खोटं बोलत नाही."

फौजदारबाईंनी तक्रारीचा कागद दुमडला. "साहेब, तुम्ही आमच्याबरोबर चला," त्या मुलाला म्हणाल्या. तो 'माझ्या वकिलांना' असे काहीसे पुटपुटला, पण चालू लागला.

मोजणीदार कार्यालयात टेबलाशी बसून अहवाल लिहू लागला. सेविका जवळ येऊन उभी राहिली.

"मी जाऊ शकते?"

"जा. पण एक सांगतो, ताई. ब्रेक लावला नव्हता, हे मला लिहावं लागेल. जागा सपाट म्हणून दिली होती आणि सपाट नव्हती, हेही लिहितो, त्याच्याच खाली. तुमच्यावर गुन्हा राहणार नाही. पण लिहिलं जाईल."

तिने कागद त्याच्यापुढे नीट सरकवला.

"लिहा साहेब," ती म्हणाली. "तेवढं माझं आहे."