समई लांब होती

औशाजवळच्या त्या गावात सप्ताह चालू होता. भर दुपारी मंदिराच्या मंडपात भडका उडाला आणि सप्ताहभर खाली न टेकवायची अखंड वीणा घेऊन उभे असलेले अर्जुनराव पायांना भाजले. म्हातारा डुलक्या घेत होता, समईला त्याचाच धक्का लागला, असं गावानं ठरवून टाकलं. वीणा त्यांच्या गळ्यातून काढून घेतली.

त्यांची सून शिवकन्या लातूरला दामिनीच्या ऑफिसात आली. "मामंजी जेवंनात," एवढंच म्हणाली.

खाजगी तपासाच्या धंद्यात दामिनी थकून गेली होती. तरी तिनं सहकारी रविकांतला गाडी काढायला सांगितली.

अर्जुनराव बाजेवर पडून होते. "झोप लागली असंल, बाई. वय झालं."

समईची सेवा नागाबाईकडे. "काठोकाठ तेल घातलं होतं. ज्योत हलू न्हाई म्हणून पंखे बंद केले, पडदे सोडले. आग फरशीवरून पळाली बघा, समईकडून मखराकडं. मधी अर्जुनराव उभे."

समईखाली तेलाचा डाग नव्हता.

मखरवाला सत्यम हात चोळत उभा होता. तळवे कोरडे, पांढरेफटक. "फरशीवर जुन्या चिकटपट्टीचा डिंक होता. साबणाच्या पाण्यानं काढायलो होतो. फडकं आणायला मागं गेलो अन् भडका. पण समई तर लांब होती."

मागच्या खोलीत आग पोचलीच नव्हती. तिथल्या थर्मोकोलला गोल, गुळगुळीत भोक होतं.

"उंदीर," रविकांत म्हणाला.

"भुगा कुठंय?"

"खाल्ला असंल."

"थर्मोकोल?"

रविकांतनं भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

कीर्तनाआधी सगळे मंडपात जमले. अर्जुनरावांना बाजेसकट आणलं. दामिनी खांबाला टेकून बोलली.

"समई लवंडली असती तर तेल सांडलं असतं. सत्यम, साबणाच्या पाण्याला समई लांब काय नि जवळ काय? तुझ्याकडे ॲसिटोन होतं. नखांचा रंग काढतात, ते. डिंक विरघळवतं, डबा ठेवला तिथला थर्मोकोलही. हाताचा ओलावा ओढून घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. पंखे बंद, पडदे बंद. ती फरशीवरून सरकत समईपर्यंत गेली आणि पेटून उलटी धावली."

सत्यम खाली बसला. "लांब हाय म्हणूनच वापरलं, ताई. काकांचं नाव निघालं अन् माझं तोंडच उघडंना."

"म्हंजे मी जागा होतो?" अर्जुनरावांनी विचारलं.

"जागेच होता, काका."

सप्ताहाचे प्रमुख किशनराव मान खाली घालून वीणा घेऊन आले. अर्जुनराव उठू गेले, पाय टेकवेनात. त्यांनी सत्यमकडे पाहिलं.

"धर. मी उभा राहीस्तोवर तू," ते म्हणाले. "अन् झोपू नको."