विठ्याच्या घाटातला पियानो

दिवा बारीक करा, आणि मधे कुणी बोलू नका. मधे बोललं की माझं डोकं फिरतं. राजूरच्या शाळेत आमचा सहादेव मास्तर होता, त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट. मी ती त्याच्याच तोंडून ऐकली.

सहादेवला रेडिओचं वेड. परदेशातली तीन भावंडं होती. थोरला पियानो वाजवायचा, धाकटा व्हायोलिन, आणि बहीण चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांत धरून वाजवतात ते थोरलं व्हायोलिन. जगभर नाव त्यांचं. त्यांचं वादन लागलं की सहादेव भरल्या ताटावरून उठायचा. या तिघांना एकदा समोर बसून ऐकायचं, एवढीच त्याची इच्छा होती. एकाहत्तर साली ते नाशिकहून पुण्याला निघणार असं कळलं, तेव्हा या बहाद्दराने पत्रांवर पत्रं पाठवून त्यांना दसऱ्याला संगमनेरात थांबायला राजी केलं. त्यांची अट एकच, पियानो तुम्ही आणा.

आता आपल्याकडे पियानो कुठला? पण भंडारदऱ्याच्या एका जुन्या साहेबी बंगल्यात होता. खंडेनवमीच्या दिवशी सहादेव ट्रकवाल्या पुंजारामला घेऊन तिथे गेला. बंगल्याचा राखणदार कानिफनाथ हसतच सामोरा आला. पियानोला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली, आणि खाली पाण्याचं थारोळं.

"मास्तर, समदी हत्यारं धुतली, मंग ह्येच पारोसं कसं ठिवायचं? झाकन उघडून आतून धुतलंय," कानिफनाथ म्हणाला.

सहादेवने एक पट्टी दाबली. दाबली ती वर येईना. दुसरी दाबली, तीही तशीच. आतलं सगळं फुगलं होतं. तो कानिफनाथला नाही नाही ते बोलला, पण बोलून काय होणार? वाटेत वाऱ्याने सुकेल या आशेवर पियानो चढवला, ताडपत्री बांधली. निघेपर्यंत रात्र झाली.

विठ्याच्या घाटात टायर बसला. जादाचा टायर काढला, तर तोही पंक्चर. पुंजाराम टायर ढकलत राजूरकडे परत गेला. सहादेव केबिनमध्ये एकटा बसून नशिबाला शिव्या देत राहिला. नवमीचा चंद्र मावळला.

मागे एक सूर वाजला.

एकच...

मग पुन्हा. मग पियानो सलग वाजू लागला. मग व्हायोलिन. आणि त्या दोघांखालून एक जाड, घोगरा आवाज...

संतापलेल्या माणसाला भुताखेताची आठवण होत नाही. सहादेवला वाटलं, कानिफनाथच पोरं घेऊन मागे चढला असणार, आता उरलासुरला पियानोही मोडणार. त्याने केबिनच्या मागच्या फळीवर मूठ आपटली.

"बंद करा. हात लावू नका त्याला."

बंद झालं.

तो बॅटरी घेऊन मागे गेला. ताडपत्रीच्या गाठी तशाच. त्या सोडल्या. आत कुणी नाही. दाबलेल्या पट्ट्या अजून खालीच...

अंगावर सर्रकन काटा आला. आणि मग भीतीहून वाईट गोष्ट ध्यानात आली. रेडिओवर ऐकायचा, तेच होतं ते. अगदी तेच...

"वाजवा," तो अंधारात म्हणाला. "चुकलं माझं. वाजवा की..."

रातकिडे. बाकी काही नाही.

उजाडेपर्यंत तो तिथेच बसून होता.

दसऱ्याला ट्रक संगमनेरात पोचला, तिघेही आले. थोरल्याने ट्रकमध्ये चढून पट्ट्या दाबून पाहिल्या आणि मान हलवली. पियानोशिवाय ते वाजवणार नव्हते. सहादेवने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. जमलेले लोक सोनं लुटायला निघून गेले. मला अजून चीड येते. हातातोंडाशी आलेला घास गेला, तोही दोनदा, आणि एकदा तर त्यानेच टाकला.

बहीण मात्र ट्रकमधून उतरेना. पियानोशेजारी ट्रकच्या तळाच्या फळीला एक बारीक भोक पडलं होतं. नवं, आतलं लाकूड पांढरं दिसत होतं. तिने आपला चेलो मागवला. त्याला खालून लोखंडी टोक असतं, ते जमिनीत रोवून वाजवतात. सहादेवला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिने खोक्यावर बसून ते टोक भोकावर टेकवलं.

बरोबर बसलं.

इथे काल कोण वाजवत होतं, असं तिने दुभाष्याकरवी विचारलं. सहादेवने तिच्याकडेच बोट दाखवलं...