वरून येणारी टाच

ही गोष्ट खरी आहे. टेलरमास्तरांना विचारा. ते टेप गळ्यात टाकून विषय बदलतील, पण नाही म्हणणार नाहीत.

दुकान खाली, घर वर. मध्ये एक जुना लाकडी तक्तपोशीचा मजला.

जावईबापूंनी सासूसासऱ्यांना, म्हणजे मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला, दोन स्मार्टवॉच आणली. चालू करताना गडबड केली. सासूबाई बराच वेळ बसल्या की सूचना मास्तरांच्या मनगटावर यायची, आणि मास्तर बसले की सासूबाईंच्या.

चूक कुणी सुधारली नाही. उलट संसारात पहिल्यांदाच दोघांचं एकमेकांकडे लक्ष गेलं.

मास्तर कापड मोजायच्या लाकडी गजाने छत ठोकायचे. ठक, ठक. म्हणजे उठ.

वरून टाच आपटायची. धप, धप. म्हणजे उठले, तुम्हीही उठा.

मग ती गेली.

तिचं घड्याळ बंद करून कपाटात ठेवलं. मास्तरांनी लगेच दुकान उघडलं. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर कसले? बसून बसून पाय बधिर होतो, तसं आतून झालं होतं.

एका भर दुपारी बँकेतला कारकून पँटची ट्रायल देत होता.

"पोट आत घ्या, साहेब."

"घेतलंय, मास्तर."

"मग हे बाहेर काय आहे?"

तेवढ्यात मनगट थरथरलं...

'बराच वेळ बसला आहात. उठा, थोडं चाला.'

मास्तर तर उभे होते.

हात सवयीने गजाकडे गेला. ठक, ठक.

आणि वरून...

धप. धप.

कारकुनाच्या खांद्यावर धूळ पडली. "वर कोण आहे?"

"बायको," मास्तर म्हणाले. तोंडात टाचण्या होत्या.

कारकून अंत्यविधीला आला होता. त्याची पँट अजून दुकानात लटकते आहे.

मग रोजच सुरू झालं. मास्तर घाबरले नाहीत, सुखावलेही नाहीत. फक्त वर जायचे बंद झाले. कटिंगच्या टेबलावरच झोपू लागले.

रविवारी लेक आणि जावईबापू आले.

"बाबा, आईच्या सूचना तुम्हाला कशाला? द्या, हे नीट करतील."

"राहू दे गं. उपयोगी पडतात."

"काय उपयोग, बाबा?"

मास्तरांनी मनगट पुढे केलं. जावईबापूंनी सासूबाईंचं खातं घड्याळातून पुसलं.

सोमवारी मनगट गप्प.

मास्तरांनी छत ठोकलं...

काही नाही.

पुन्हा ठोकलं.

काही नाही.

ते मशीनवर बसले. गिऱ्हाइकं आली, हाका मारून गेली. उजेड उतरला. उठावं असं काही उरलंच नव्हतं.

आणि मग...

धप. धप.

"उठतो गं," मास्तर म्हणाले आणि उठले. पायाला सणसणून मुंग्या आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना काहीतरी जाणवलं.

फोन वाजला. लेक होती.

"बाबा, आईचं घड्याळ मी काल आठवण म्हणून घेऊन आले. बंद होतं हो... आत्ता थरथरलं. तुम्ही बराच वेळ बसलाय म्हणतंय."

"आत्ताच उठलो. तुझ्या आईने सांगितलं."

मास्तरांनी फोन ठेवला.

जिना दुकानातूनच वर जातो. मास्तर अजून तो चढलेले नाहीत. वर कुणी असेल, याची त्यांना भीती नाही.

वर कुणी नसलं तर?